मशेरीला तंबाखू म्हणा

आशाताई घरोघर फिरून तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरत होत्या. अंगणवाडी सुटल्यावर त्या माझ्याही दारात आल्या. वय, कंबरेचं माप, घरात कुणाला साखर-बीपी, असं विचारत त्या तंबाखूच्या रकान्याशी पोहोचल्या. "बाई, तंबाखू, गुटखा, विडी काही?" मी "नाही" म्हटलं. त्यांनी "नाही"पुढे खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. तासाभरापूर्वीच मी मशेरी लावून चूळ भरली होती. खोटं बोलायचं माझ्या मनातही नव्हतं. माझ्या दातांचा रंग आशाताईंना दिसत नव्हता असंही नाही. आम्हा दोघींच्या लेखी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हतीच.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, एका वाडीवर मी सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मशेरी एकोणतीस वर्षं लावली. ती सोडून सहा वर्षं झाली. तंबाखू सोडण्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ येतं, ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या आसपास तर रोजच येतं. पण त्यातला माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो, त्याच्या खिशात पुडी असते आणि तो पानटपरीपाशी उभा असतो. चुलीपाशी बसलेली बाई त्यात मला कधी दिसली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी मशेरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठवडी बाजारातून तंबाखूची पानं आणायची. दुपारी घरातली माणसं रानात गेली, की चुलीवर जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण ठेवायचं. त्यावर पानं चुरून पसरायची आणि उलथन्यानं हलवत राहायचं. आधी गुळमट वास येतो, मग एकदम ठसका बसतो. आमच्याकडे भाजायला घेतली की शेजारच्या घरातलं पोर खोकायला लागायचं. पानं काळी पडून बोटांत चुरचुरायला लागली की झाकण उतरवायचं. क्षणभर उशीर झाला तर राख होते. मग हातानं चोळून फडक्यातून चाळायची आणि डबीत भरायची. सकाळी तर्जनीवर चिमूट घेऊन दातांवरून, हिरड्यांवरून फिरवायची आणि थोडी गालात तशीच राहू द्यायची. पाचेक मिनिटांत डोकं हलकं होतं, हातापायात जीव येतो.

माझ्या सासूबाई डबीला "दात घासायची" म्हणायच्या. या नावातच सगळी अडचण आहे. मशेरी लावणारीला आपण तंबाखू खातो असं वाटत नाही, दात घासतो असं वाटतं. मग सोडायचं काय आणि कशाला? नवऱ्याची तंबाखू सुटावी म्हणून देवाला नवस बोलणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि नवस बोलून आल्या की त्याच ओटीवर बसून मशेरी लावायच्या. २०१५ च्या फेब्रुवारीत माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, तोंडाच्या कर्करोगानं गेले. आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं माणूस, वय सत्तावन्न. वाडीतल्या बायका टीव्हीपुढे बसून घरचं कुणी गेल्यासारख्या रडल्या, तंबाखूला शिव्याशाप दिले. संध्याकाळी डबी फिरली. मीही चिमूट घेतली.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. म्हणजे सहा बायकांमागे एक. माझ्या वाडीत हे प्रमाण त्याहून जास्त असेल असं मला वाटतं. माझ्या "नाही"सारखी किती उत्तरं अशा पाहण्यांमध्ये जमा झाली असतील, हा विचार मला अजून सोडत नाही.

माझी मशेरी सुटली ती लेकीमुळे. ती सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका पहाटे मोरीत उजेड दिसला म्हणून गेले, तर ती पाठमोरी बसलेली आणि माझी डबी तिच्या मांडीवर. मला पाहून दचकली नाही. म्हणाली, "आई, पित्तानं नुसतं मळमळतंय गं. हे लावलं की बरं वाटतं." मी पहिल्यांदा डबी उघडली ती अशीच, तिच्याच वेळेस दिवस गेले असताना. तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या हातानं चिमूट दिली होती, मायेनं. आता माझ्या डबीतली चिमूट माझ्या लेकीच्या तोंडात होती.

त्याच दिवशी अंगणवाडीत वजनं होती. झोळीत बाळ ठेवायचं, काटा स्थिर झाला की आकडा लिहायचा. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं मूल कमी वजनाचं, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, हे मी इतक्या वर्षांत शेकडो आयांना सांगितलंय. हिरव्या भाज्या खा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, दुपारी आडव्या व्हा, हेही सांगितलंय. मशेरी लावू नका असं एकदाही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? माझी लेक जन्मली तेव्हा दोन किलो शंभर ग्रॅमची होती. ते मशेरीमुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, एका बाळाचं कारण असं सांगता येत नाही. पण मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला आहे. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मशेरीवाल्याच जास्त होत्या. न वापरणाऱ्यांच्या तुलनेत तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि बाळंतपणंही सरासरी सहा दिवस आधी झाली. १०५ ग्रॅम म्हणजे माझ्या काट्यावर एक बारीकशी रेघ. दोन किलो चारशेच्या बाळाला ती रेघ अडीच किलोच्या वर नेते.

कधी सोडायची, याचं माझं पहिलं उत्तर मोरीतल्या त्या पहाटेतून आलं. पोटात बाळ असेल तर आज. दिवस ठरवायचा नाही, डबी संपायची वाट पाहायची नाही.

बाकीच्यांसाठी मात्र मी वेगळं सांगेन, कारण माझा एक प्रयत्न त्याआधी फसला होता. घटस्थापनेला डबी देवघराखाली ठेवली, नऊ दिवस बोट लावलं नाही. कौतुक झालं. दसऱ्याला सोनं वाटून आले आणि डबी काढली. मला तेव्हा वाटलं, आपल्यात जिद्दच नाही. आता कळतं की जिद्द होती, ती नऊ दिवसांपुरतीच मागितली होती. उपासासाठी सोडलेलं उपास सुटला की परत येतं. एकादशी, श्रावण, वारी यांत सोडणाऱ्यांना मी हेच सांगते: देवासाठी सोडता तशी सोडा, पण पारण्याचा दिवस ठेवू नका. आणि "सुगी झाली की", "लग्न पार पडलं की" असं म्हणणाऱ्या बाईच्या घरी दरवर्षी सुगी येते आणि कुणाचं तरी लग्न असतंच.

लेकीनं त्याच दिवशी सोडली. मी दहा दिवस घेतले आणि ते दहा दिवस फुकट गेले नाहीत. अंगणवाडीच्या वहीच्या मागच्या पानावर मी प्रत्येक वेळ लिहीत गेले. मला वाटत होतं दिवसातून तीनदा लावते, निघाल्या सात. सकाळी दोनदा, जेवल्यावर, दुपारी ऑनलाइन माहिती भरताना नेटवर्क गेलं की, संध्याकाळी चुलीपुढे, एकदा शेजारणीकडे, आणि झोपताना. प्रत्येक वेळेपुढे मी काय करणार ते लिहिलं. नेमलेला दिवस होता साधा मंगळवार, कामाचा. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या हातानं घरात बसून मला जमलं नसतं.

सगळ्यात अवघड होती पहिली चिमूट, पहाटेची. "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही" असं बायका म्हणतात तेव्हा त्या बहाणा करत नाहीत. निकोटीननं आतडी हलतात आणि वर्षानुवर्षं तीच सवय लागलेली असते. ती एकदम तोडली की काही दिवस कोठा जड होतो, हे खरं आहे. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते. उठल्याउठल्या तांब्याभर कोमट पाणी, वाडीच्या टोकापर्यंत चालणं, रात्री पपई, असं करत दुसऱ्या आठवड्यात पोट रुळावर आलं. बोटाला चाळा हवा होता, म्हणून ब्रश असूनही महिनाभर मी मिठाच्या पाण्यानं हिरड्या चोळल्या. जेवल्यावर बडीशेप. सुपारी नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मशेरी सोडून सुपारीला लागलेल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. नुसत्या सुपारीनंही तोंडाचा कर्करोग होतो. तोंड उघडेनासं होतं ते दुखणंही तिचंच.

तिसरा दिवस वाईट गेला. डोकं ठणकत होतं आणि मुलांच्या गोंगाटानं डोळ्यांत पाणी आलं. मदतनीस ताई म्हणाल्या, "बाई, तुम्ही बाहेर बसा, मी बघते." पहिले दोन-तीन दिवस असेच असतात. त्यानंतर तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत उठून काहीतरी करायचं, भांडी मोजायची, परसात जायचं. ती जातेच.

एका गोष्टीत मी उशीर केला. तंबाखूच्या पुड्यांवर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो. आमची पानं सुटी येतात, त्यांच्यावर ना चित्र ना नंबर. मला तो शेजारच्या मुलाच्या पुडीवर दिसला. फोन केला, बाई मराठीत बोलल्या. त्यांनी निकोटीनच्या गमविषयी सांगितलं आणि मी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून दोन मिलिग्रॅमचा घेतला. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. दोन-चारदा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. लगेच आधी किंवा गम तोंडात असताना चहा घेतला तर तो नीट लागू पडत नाही. हे मला पहिले चार दिवस माहीत नव्हतं आणि गम बिनकामाचा आहे अशी माझी समजूत झाली होती. लेकीला मात्र तो दिला नाही. गरोदर बाईनं असं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

चाळिसाव्या दिवशी चुलतजाऊ गेली. दहाव्याला बायका ओळीनं बसल्या, डबी हातोहात पुढे आली आणि मी चिमूट घेतली. रात्रभर झोप आली नाही. सकाळी लेक म्हणाली, "एवढे दिवस कुठं गेले का? काल एक लावलीस, आज नाही लावायची." तिनं एवढं सांगितलं नसतं तर मी पुन्हा सातावर गेले असते. एकदा घसरलेल्या बाईला "बघ, सुटत नाहीच" म्हणणारी माणसं घरोघरी असतात. कृपा करून तसं म्हणू नका.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ साली बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. दोन्ही बंद्या दुकानातल्या मालाच्या. चुलीवर भाजलेल्या मशेरीपर्यंत त्या पोहोचत नाहीत आणि पोलीस पाठवून त्या पोहोचवाव्यात असं माझं म्हणणं मुळीच नाही. बाईला दंड करून काही व्हायचं नाही. माझं मागणं छोटं आहे. फॉर्ममध्ये, गरोदरपणाच्या तपासणीत, दातांच्या शिबिरात "तंबाखू खाता का" एवढंच विचारू नका. मशेरी, मिसरी, तपकीर, त्या त्या भागातलं नाव घेऊन विचारा. आणि "हो" म्हणणाऱ्या बाईला रागावू नका, तिचं तोंड तपासा. पांढरा चट्टा, न भरणारी जखम शोधा. या गोष्टी आरशात पाहून तिच्या लक्षात येत नाहीत.

आमच्या वाडीत मी सुरुवात केली आहे. महिन्याच्या वजनाच्या दिवशी गरोदर बाई काट्यावर उभी राहते तेव्हा आकडा लिहून झाला की मी विचारते, "काल मशेरी किती वेळा लावलीस?" लावतेस का, असं विचारत नाही. किती वेळा, असंच विचारते, म्हणजे लपवावं लागत नाही. गेल्या महिन्यात एक पोरगी खाली बघत "चारदा" म्हणाली. मी वहीत चार लिहिलं, तिच्यादेखत. या महिन्यात तिनं माझ्या विचारण्याआधीच एक बोट वर केलं.