ओझे पुढे घ्या!

आमच्या अक्कलकुव्याच्या घरापुढे तीस वर्षे प्रीमियर पद्मिनी उभी असे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, 1089 सी.सी.च्या इंजिनाची ही बाई म्हातारपणी कुरकुरे. पण सातपुड्याच्या चढावर तिने कधी मान टाकली नाही. गेल्या वर्षी चिरंजीवांनी तिला निरोप दिला आणि ऐसपैस डिकीची नवी वॅगन दारात आणली. पद्मिनीला मागची चाके रेटीत. हिला पुढची ओढतात. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि ही पुढून ओढण्याची रीत मध्यमवर्गाच्या दारी पोहोचली, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि हाताला कळणे वेगळे!

ज्येष्ठात मोलगीच्या बाजारात आमचुराची तीन पोती घेतली. "ओझे मागेच हवे. गाडी चढाला चिकटून चालते," मी जुन्या अधिकाराने बजावले. चिरंजीव काही बोलू पाहत होते. त्यांना गप्प केले. सौभाग्यवती आणि दोघी नाती मागे बसल्या.

वाटेत एका स्नेह्यांच्या पाड्याकडे वळलो. नुकताच पाऊस शिंपडून गेला होता. कच्च्या चढाच्या मध्यावर पुढची चाके जागच्या जागी गरगरू लागली आणि गाडी हळूहळू मागे, दरीच्या अंगाला सरकू लागली. धाकटी नात किंचाळली. मी हँडब्रेक ओढला. तो मागच्या चाकांना धरतो आणि भार तिथेच होता, म्हणून थांबलो.

बैल घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाने एकवार पाहिले आणि सांगितले, गाडी उलाळ झाली आहे, ओझे पुढे घ्या.

खरेच की! मागे भार पडला की बैलगाडीचे जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्यातून चढावर वजन आपसूक मागे जाते. पद्मिनीची मागची चाके त्या भाराने माती घट्ट धरीत. हिची ओढणारी चाके नेमकी हलकी झाली होती. सपाट ओल्या रस्त्यावर मात्र इंजिनाचे वजन त्याच चाकांवर असते, म्हणून तिथे ही भक्कम.

दोन पोती पुढच्या आसनावर आणली, तिसरे कडेला उतरवले. आम्ही पायी निघालो. चिरंजीव चाकाशी बसले आणि गाडी सावकाश वर गेली.

घरी परतताना मी विचारले, "बाजारात तू काय सांगत होतास रे?"

"हेच, बाबा."