वाळूत पुरलेली गाडी पुन्हा चालवायची कशाला?

ब्रिटनमधील वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ओहोटी लागली की काही मैल लांबीचा, सपाट आणि घट्ट वाळूचा पट्टा उघडा पडतो. १९६९ साली या किनाऱ्यावर खोदकाम झाले आणि बेचाळीस वर्षांपूर्वी पुरून टाकलेली एक मोटारगाडी वर काढण्यात आली. गाडीचे नाव ‘बॅब्ज’. हे काम ज्यांनी अंगावर घेतले ते ओवेन विन ओवेन कोणी धनाढ्य शौकीन नव्हते. वेल्समध्येच बँगर येथे अभियांत्रिकी शिकवणारे ते एक अध्यापक होते. पुढे अनेक वर्षे खपून त्यांनी ती गाडी दुरुस्त केली. नुसती दिसण्यापुरती नव्हे, तर इंजिन सुरू होऊन धावण्याइतकी!

ही हकिकत मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा एक सहकारी म्हणाले, “एवढा खटाटोप कशाला? रंग देऊन काचेमागे ठेवली असती तरी लोकांनी पाहिलीच असती.” प्रश्न वाजवी आहे. माझे मत मात्र त्यांच्याहून वेगळे आहे आणि ते का, हे तुमच्यापुढे मांडावे असे वाटले.

आधी गाडीची थोडी माहिती घेऊ. ती मूळ काउंट लुई झ्बोरोवस्की या श्रीमंत शर्यतपटूने बनवून घेतली होती. १९२४ मध्ये इटलीतील मोंझा येथे शर्यतीत त्याचा मृत्यू झाला आणि ती जॉन पॅरी-टॉमस या वेल्श अभियंत्याने अवघ्या १२५ पौंडांना विकत घेतली. गाडीत बसवलेले इंजिन मोटारीचे नव्हतेच. ते पहिल्या महायुद्धातील अमेरिकन विमानांसाठी तयार केलेले ‘लिबर्टी’ इंजिन होते. बारा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १२७ मि.मी. आणि दट्ट्याची धाव १७८ मि.मी. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला येतेच. गुणाकार करून पाहा, एकूण घनफळ सुमारे २७ लिटर येईल. आपल्याकडच्या साध्या मोटारसायकलचे इंजिन लिटरच्या दहाव्या हिश्शाएवढे असते.

२८ एप्रिल १९२६ रोजी टॉमसने पेंडाइनच्या वाळूवर बॅब्ज ताशी सुमारे २७५ किलोमीटर वेगाने हाकली आणि जमिनीवरील वेगाचा जागतिक विक्रम केला. (असा विक्रम दोन्ही दिशांनी धावून, सरासरी काढून मोजतात. एकाच दिशेने मोजला तर पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचे श्रेयही चालकाच्या खात्यावर जमा होईल.) पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेलने त्याच किनाऱ्यावर हा विक्रम मोडला. तो परत मिळवण्यासाठी टॉमस ३ मार्च १९२७ रोजी पुन्हा वाळूवर उतरला. त्या धावेत गाडी उलटली आणि तो जागीच ठार झाला. गाडी तेथेच वाळूत पुरण्यात आली.

आता मुख्य मुद्दा. बॅब्जमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत जाड साखळ्यांनी पोहोचवली जाई, थेट आपल्या सायकलसारखी. अपघातानंतर साखळी तुटलेली दिसली, चालकाच्या डोक्याला जबर मार बसलेला दिसला, आणि लोकांनी या दोन गोष्टी जोडून टाकल्या: साखळी तुटली, तिचा फटका बसला, चालक गेला. ही कथा इतकी चटकदार होती की चाळीसहून अधिक वर्षे ती पुस्तकांतून आणि गप्पांतून फिरत राहिली. तपासणार तरी कशी? पुरावा वाळूखाली होता.

गाडी वर आल्यावर प्रथमच तिच्या भागांकडे नीट पाहता आले, आणि उजव्या बाजूचे मागचे चाक आधी निकामी झाले असावे, साखळी नंतर तुटली असावी, असे मत पुढे आले. हे संभवनीय आहे का, याचा अंदाज तुम्हीही घेऊ शकता. चाकाची त्रिज्या सुमारे ४० सें.मी. धरू. ताशी २७५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ मीटर. वर्तुळगतीतील त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. उत्तर येते सेकंदवर्गाला साडेचौदा हजार मीटर, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ दीड हजार पट! चाकाच्या कडेवरील एक ग्रॅम धातूला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी दीड किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. चाकाच्या बांधणीत बारीकशी उणीव असेल, तर ती अशा ठिकाणी उघडी पडल्याशिवाय राहत नाही. अर्थात, चाक मोडू शकते एवढेच या गणिताने कळते. ते मोडले की नाही, आणि कधी, हे सांगायला ते चाकच समोर हवे. म्हणून मी म्हणतो की ते खोदकाम म्हणजे हौशी मंडळींचा नुसता नाद नव्हता. कथेने दिलेले कारण वस्तूला विचारून पाहण्याचा तो प्रयत्न होता.

विरोध झाला नाही असे नाही. ज्या गाडीत माणूस गेला ती उकरून काढणे अनेकांना रुचले नाही. जागा लष्कराच्या ताब्यातील, त्यामुळे त्यांची परवानगी हवी. टॉमसच्या नातेवाइकांची संमती हवी. त्या विरोधाला मी नावे ठेवणार नाही. पण एखाद्या अभियंत्याची आठवण चुकीच्या कारणासकट पुरून ठेवण्यापेक्षा त्याचे यंत्र उघडून पाहणे हाच मला त्याचा अधिक मान वाटतो.

दुरुस्तीतही पदार्थविज्ञान आहेच. खाऱ्या वाळूत बेचाळीस वर्षे राहून गाडीचा पत्रा जवळजवळ खलास झाला होता, पण आतले पुष्कळसे जाड भाग वापरण्याजोगे निघाले. कारण सोपे आहे. गंज पृष्ठभागापासून आत खात जातो. पातळ पत्र्याला पृष्ठभाग मोठा आणि पोटात धातू थोडा. शिवाय लिबर्टी इंजिने एकाच नमुन्याबरहुकूम वीस हजारांवर बनली होती. एकुलत्या एका गाडीत असे सार्वत्रिक इंजिन असणे दुरुस्त करणाऱ्याच्या पथ्यावरच पडले असणार.

मग इतके भाग बदलल्यावर ती मूळ गाडी राहिली का? आजोबांच्या सायकलचे टायर, साखळी, सीट, पेडल सारे बदलले तरी घरात ती ‘आजोबांची सायकल’च असते. घरात ते चालते, संग्रहालयात चालू नये. सहकाऱ्यांचा आक्षेप मला येथे अर्धा मान्य आहे. घासूनपुसून, ठोकून सरळ केलेल्या भागावरची अपघाताची खूण कायमची जाते. धातूची मोडलेली कड पाहून जाणकार तो भाग हळूहळू थकत जाऊन तुटला की एका झटक्यात, हे पुष्कळदा सांगू शकतात. त्या कडेवर एकदा कानस फिरली की संपले. म्हणून हातोडी उचलण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र, मोजमाप आणि जागा यांची नोंद व्हायला हवी आणि मोडलेला भाग बदलला तरी जपून ठेवायला हवा. हे करायचे नसेल तर काचेमागची गंजकी गाडी बरी.

मात्र हे सारे केल्यावर इंजिन सुरू करावेच. आकृतीतील इंजिनात ठिणगीची वेळ चुकली तरी कोणाचे काही बिघडत नाही. खऱ्या इंजिनात ती थोडी चुकली तरी फटाके उडतात, नाहीतर ते सुरूच होत नाही. १९२० च्या दशकातील माणसांनी ते कसे जुळवले होते, हे हात काळे केल्यावाचून कळत नाही. आणि चालू करायचे म्हणजे शर्यतीत उतरवायचे असेही नाही. अमेरिकेत ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे पाव मैल सरळ धावण्याच्या शर्यतीच्या, १९६० च्या दशकातील गाड्या हौशी लोकांनी अशाच जिवंत केल्या आहेत. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे त्या गाड्या मागून ढकलत आणतात, नायट्रोमिथेनवर इंजिने धडधडू लागतात, ज्वाळा निघतात, प्रेक्षक कान झाकून घेतात, आणि शर्यत न लावता गाड्या बंद केल्या जातात. चालकाच्या पायांमध्ये इंजिनामागची यंत्रणा येईल अशी त्या जुन्या गाड्यांची रचना होती. तिने काहींना जबर जखमी केले. तेव्हा हा संयम मला फार शहाणपणाचा वाटतो.

बॅब्ज आता वर्षातील काही काळ पेंडाइनच्याच संग्रहालयात असते. तेथे जाण्याचा योग आला, तर गाडीच्या रंगापेक्षा मी आधी मागच्या उजव्या चाकाकडे पाहीन आणि तेथल्या माणसाला विचारीन, “यातले जुने किती आणि नवे किती?”