काच दिसली तर गाडी चालेल

मंडळी, जुन्या व्हॅनला कुणी इलेक्ट्रिक वॉशर बसवला की "ओरिजिनॅलिटी गेली" म्हणून नाकं मुरडली जातात. त्यांना एकच सांगणं आहे: गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं दहा मिनिटं गाडी चालवून बघा.

चिखल आणि धूळ काचेवर बसते. पाणी न मारता वायपर फिरवला की समोरचं काहीच दिसत नाही. अशा वेळी एका हातानं स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातानं पंप दाबत बसायचं? जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर वॉशरचं पाणी स्टेपनीतल्या हवेवर उडायचं. डोकं भारीच, पण हवा कमी झाली की पाणी बंद!

नियमाचं भ्यापण नको. केंद्राच्या 2021 च्या व्हिंटेज नियमात 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात पाहिजे म्हटलंय, पण तिथं मोठा बदल म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिन. वॉशरची बाटली त्यात येत नाही.

काम मात्र नीट करा. 12 व्होल्टची मोटर, वेगळा फ्यूज आणि जुन्या बटणामागं लपवलेला स्विच. डॅशबोर्डला नवं भोक पाडू नका, जुना पंप जपून ठेवा. गाडी 6 व्होल्टची असेल तर मोटर तशीच शोधा. आपल्या उद्यमनगरात असली कामं करणारे हात आहेत.

गाडी देखणी पाहिजेच. पण समोर सायकलवरनं जाणाऱ्याचा जीव जुन्या बटणापेक्षा मोठा आहे. पटतंय का बघा.