खोडरबर आवरा!

आधीच सांगून टाकतो, आमचं गोरेगाव म्हणजे मुंबईचं नव्हे. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. लोकलच्या वेळा विचारू नका. :)

तर पोळ्याला गावी गेलो होतो. पुण्याहून पुतण्या आला होता, आणि येताना सगळ्यांसाठी भेट घेऊन आला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेच्या वह्यांमध्ये काढलेली पेन्सिलची चित्रं त्याने स्कॅन केली, साफ केली, कॉम्प्युटरवर रंगवली आणि त्यांचं कॅलेंडर छापून आणलं. सजवलेली बैलजोडी, औंढा नागनाथाच्या देवळाच्या भिंतीवरची शिल्पं, वाड्याचं दार. घरभर कौतुक झालं. आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं झालंय रे बाबा. पण हे ह्यांच्या हातचं नाही वाटत."

त्या एका वाक्यासाठी हा सगळा प्रपंच. पुतण्या हे वाचणार आहे. राग मानू नकोस बाळा, पण आज बोलतोच.

पेन्सिलचं चित्र 'साफ' करायचं म्हणजे नक्की काय करायचं? हल्ली सर्रास केलं जातं ते असं: स्कॅन करायचं, 'थ्रेशोल्ड' लावायचं, काम खलास. थ्रेशोल्ड म्हणजे काळं नाहीतर पांढरं, मधलं काही नाही. पण पेन्सिल जगते ती मधल्यातच! हात कुठे दाबला, कुठे सैल सोडला, कुठे दोनदा फिरला, हे सगळं करड्या छटांमध्ये असतं. आबा बैलाच्या पाठीची रेघ तीनदा काढायचे, मग चौथी ठाम. त्या तीन फिकट रेघांमुळे बैल श्वास घेतो. कॅलेंडरवरचा बैल रबरी शिक्क्यासारखा दिसतो.

आणि शेवटच्या वर्षांत त्यांचा हात थरथरायचा. ती थरथर रेषेत उतरली होती. सॉफ्टवेअरने ती 'स्मूथ' करून टाकली.

तुम्ही म्हणाल, रेघ तुटक असली की बादलीचा रंग बाहेर सांडतो, म्हणून साफ करावं लागतं. मान्य. पण मग फट बुजवायची ती वेगळ्या लेयरवर बुजवा, आणि छापताना तो लेयर बंद करा. पेन्सिलचा लेयर सगळ्यात वर ठेवून 'मल्टिप्लाय' करा आणि रंग त्याच्या खाली भरा. पांढरा कागद आपोआप दिसेनासा होतो, करडी रेघ जशीच्या तशी राहते. फुकटात मिळणाऱ्या गिंपमध्येही हे होतं, क्रितामध्येही होतं.

साफसफाईला माझा विरोध नाही. धूळ काढा, तेलाचा डाग काढा. वहीच्या निळ्या ओळी नको असतील तर रंगीत स्कॅन करून फक्त निळा चॅनल घ्या, ओळी जवळजवळ गायब होतात. कागद पिवळा पडलेला असेल तर त्या चॅनलमध्ये तो जरा काळपट दिसेल. मग 'लेव्हल्स'मधला पांढरा काटा हळूहळू आत सरकवा, आणि सगळ्यात फिकट रेघ मरायच्या आत थांबा. मागच्या पानावरचं उमटत असेल तर पानाच्या पाठीशी काळा कागद ठेवून स्कॅन करा. मेहनत आहे, पण यात आबांची एकही रेघ जात नाही.

हा काही माझा गावठी हट्ट नाही. डिस्नेच्या कार्टूनपटांत चित्रकारांच्या पेन्सिल रेघा पूर्वी शाईने हाताने पुन्हा गिरवल्या जायच्या. १९६१च्या '१०१ डाल्मेशियन्स'पासून त्या झेरॉक्सच्या तंत्राने थेट पारदर्शक पट्ट्यांवर उतरू लागल्या. खुद्द वॉल्ट डिस्नेला ती खरबरीत रेघ आवडली नव्हती म्हणे. पण १९६७च्या 'जंगल बुक'मधला शेरखान आठवा. तो जिवंत वाटतो त्यात त्या खरबरीत रेघांचा मोठा वाटा आहे.

कुणी म्हणेल, शि. द. फडणीसांची रेषा किती स्वच्छ! आहेच. पण ती स्वच्छता त्यांनी स्वतः ठरवलेली, स्वतःच्या हातातून आलेली. आपल्या चित्रातलं काय गाळायचं हे चित्रकार ठरवतो. दुसऱ्याच्या चित्रातलं गाळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तेही तो माणूस हयात नसताना?

आता खरी दुखरी गोष्ट. स्कॅन बिघडला तर पुन्हा करता येतो. पण पुतण्याने पहिल्या चार पानांवर स्कॅन करायच्या आधीच खोडरबर फिरवला होता, 'जास्तीच्या रेघा' काढायला. वहीवर! मी ती पानं उजेडासमोर तिरकी धरून पाहिली. पेन्सिल दाबलेल्या जागी कागदात नुसत्या खाचा उरल्यात. रेघ गेली ती गेली.

म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्या घरात अशी वही असेल तर आधी जशीच्या तशी रंगीत स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, टिफमध्ये. ती फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि तिला हात लावू नका. मग कॉपीवर काय गोंधळ घालायचा तो घाला.

असो. उरलेल्या वह्या मी सोबत घेऊन आलोय. पुतण्याला दिवाळीत बोलावलंय. त्याचा हात रंगात चांगला आहे, ते मी नाकारत नाही. दोघं मिळून पहिल्यापासून करू. खोडरबर मात्र कपाटात कुलपात.