शिकाऊ की वेठबिगार?

परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याचा सत्कार करण्याची प्रथा आपल्या समाजात आता चांगलीच रुळली आहे. शाल, श्रीफळ आणि दोनचार भाषणे झाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. त्या भाषणांत एक वाक्य हटकून असते : “तेथे शिकता शिकताच कमावता येते.” हे वाक्य अर्धसत्य आहे, आणि वकिलीत वीस वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, धडधडीत असत्यापेक्षा अर्धसत्याने बुडालेली घरे अधिक.

गेल्या वर्षी एक गृहस्थ मजकडे आले. मुलगा अमेरिकेत एम. एस. झालेला, त्यासाठी राहते घर गहाण. मुलास काम मिळाले होते, परंतु पगाराविषयी विचारता “अजून सुरू व्हायचा आहे,” एवढेच उत्तर कित्येक महिने येत होते. “वकीलसाहेब, पैसा न देता राबवून घ्यावे, असा तिकडे कायदा आहे काय?” हा त्यांचा प्रश्न.

उत्तर सरळ नाही. एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्यास विद्यापीठाबाहेर काम करण्याचा हक्क नसतो. असते ती ‘व्यावहारिक प्रशिक्षणा’ची परवानगी. शिक्षण चालू असता मिळते ती सीपीटी. तिच्यासाठी सामान्यतः एक शैक्षणिक वर्ष पुरे व्हावे लागते, काम अभ्यासक्रमाचाच भाग असावे लागते, आणि ती पूर्णवेळ बारा महिने भोगली की त्या पातळीवरील पदवीनंतरची परवानगी गमावली जाते. ही पदवीनंतरची परवानगी म्हणजे ओपीटी. ती बारा महिन्यांची. विज्ञान, तंत्र व गणित ह्या शाखांस २०१६ च्या नियमाने आणखी चोवीस महिने. मात्र पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकारीत गेला, तर तेथे राहण्याचा आधारच तुटतो.

सारी मेख ह्या नव्वद दिवसांत आहे. विषयाशी निगडित असे बिनपगारी काम आठवड्यास किमान वीस तास केले, तरी बेकारीचे दिवस मोजणे थांबते. अट एवढीच की, मजूरकायद्याचा भंग होता कामा नये. साठसत्तर अर्ज वाया गेलेला मुलगा ऐंशीव्या दिवशी कोणत्या अटी नाकारील? आणि त्याची ही अडचण समोरच्या व्यापाऱ्यास ठाऊक नसते, असे का आपण समजतो?

मजूरकायद्याचे म्हणाल, तर बिनपगारी उमेदवारांनी फॉक्स सर्चलाइट ह्या चित्रपटसंस्थेविरुद्ध केलेल्या दाव्यात तेथील अपील न्यायालयाने २०१५ साली कसोटी घालून दिली आहे : ह्या संबंधात मुख्य लाभ कोणाचा, उमेदवाराचा की धन्याचा? पदवी हाती असलेला तरुण जो माल घडवितो तो धनी विकत असेल, तर मला तरी उत्तराविषयी संशय वाटत नाही. पण दाद मागावयाची ती न्यायालयाची पायरी चढून. आणि ज्याचे राहणेच त्या कामावर तगून आहे, त्याने ती चढावी कशी? विशेष असे की, पुढील चोवीस महिन्यांसाठी हाच कायदा प्रशिक्षणाचा लेखी आराखडा व इतरांच्या बरोबरीचे वेतन सक्तीचे करतो. म्हणजे अन्याय कसा रोखावा हे त्यास कळते. पहिल्या वर्षी मात्र तो डोळे मिटतो.

“अनुभव तर मिळतो ना?” असे कोणी म्हणतील. (आम्हा वकिलांनी ह्यावर बोलू नये, हेही म्हणतील, आमच्याकडील ज्युनियरांचे हाल मी जाणतो, आणि ते समर्थनीय नाहीत.) अनुभव घर गहाण न टाकताही मिळतो. फुकट राबणाऱ्याचा दुसरा परिणाम असा की, त्याच्या मागून येणाऱ्याचा पगारही तो खाली ओढतो.

ह्याहून वाईट धंदा आपल्या गावांत बसून चालतो. प्रवेश घेतल्याच्या दिवसापासून काम, अशी हमी देणारे दलाल मुलांस गाठतात. मिशिगन राज्यात ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ नावाचे जे होते, ते तेथील सरकारनेच रचलेला सापळा होता. वर्ग नाहीत, अध्यापक नाहीत. २०१९ साली तो उघड झाला, तेव्हा त्यात सापडलेले शेकडो विद्यार्थी बहुतांशी भारतीय होते. सरकारने असे जाळे पसरावे, हे मला निंद्य वाटते. पण एकही वर्ग न भरता केवळ कामाची परवानगी विकणाऱ्या संस्थेस पैसे भरताना घरच्या एकाही वडीलधाऱ्याने प्रश्न विचारला नाही, हे कमी लांच्छनास्पद आहे काय?

माझी सूचना अशी. निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने विद्यापीठाकडूनच, दलालाकडून नव्हे, लेखी विचारून घ्यावे : ह्या अभ्यासक्रमात सीपीटी आहे काय, आणि कधीपासून? आणि जी मंडळे शिष्यवृत्त्या वा बिनव्याजी कर्जे देतात, त्यांनी शिक्षण संपल्यानंतरच्या तीन महिन्यांचा निर्वाह व परतीचे तिकीट एवढी रक्कम वेगळी राखून ठेवावी. “नाही” म्हणण्याचे बळ त्या रकमेत आहे. आमच्या मंडळाच्या येत्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. पैसा कोठून आणावा, असे विचारले गेले, तर शालींपासून आरंभ करता येईल.