काष्ठमंडप पुन्हा उभा राहिला

पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या प्रवाशाची एक खोड असते. ज्या देशावर त्याचा जीव जडतो, तो देश आपण पाहिला तसाच राहावा, असे त्याला वाटते. मी नेपाळ प्रथम पाहिला तो १९९६ साली. कालीगंडकीच्या खोऱ्यातून मुक्तिनाथाला तेव्हा पायीच जावे लागे. २०२५ च्या नोव्हेंबरात गेलो, तर त्याच वाटेवर जीपगाड्यांची धूळ होती. आमच्यासारख्यांना ही धूळ खुपते. पण मार्फातले सफरचंद आता त्या रस्त्याने बाजारात पोहोचते आणि आजारी माणसाला डोलीतून न्यावे लागत नाही. आपल्या हौसेखातर दुसऱ्याने गैरसोय सोसावी, ही अपेक्षा मुळातच अन्यायाची आहे.

मात्र काठमांडूत जे पाहिले, त्याचा विचार अधिक खोलवर करावा लागेल. ज्या वास्तूवरून या नगरीला नाव मिळाले, तो काष्ठमंडप २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात कोसळला. त्या वेळी आत रक्तदान शिबिर चालू होते. रक्त द्यायला आलेल्यांपैकी काही जण तेथेच गेले. एकाच वृक्षाच्या लाकडातून हा मंडप उभारला गेला, अशी आख्यायिका आहे आणि मध्यभागी गोरक्षनाथांची मूर्ती आहे. ज्या महाराष्ट्रात गहिनीनाथ-निवृत्तिनाथांच्या परंपरेतून ज्ञानदेव उभे राहिले, त्या महाराष्ट्राच्या माणसाला हे स्थान परके कसे वाटावे?

नंतर उत्खनन झाले. बाराव्या शतकातला मानला जाणारा हा मंडप सातव्या शतकातल्या पायावर उभा असल्याचे आढळले, आणि तो पाया भूकंपानंतरही भक्कम होता! पुनर्बांधणीचे काम निविदा काढून ठेकेदाराकडे सोपवण्याची तयारी चालली होती. त्याला नागरिकांनी विरोध केला. लोकांचा सहभाग असलेली समिती नेमली गेली आणि लाकूड, वीट व मातीचा वापर करून २०२२ पर्यंत मंडप जुन्या पद्धतीने उभा राहिला. राणीपोखरीचीही हीच कथा. प्रताप मल्लाने १६७० च्या सुमारास पुत्रशोकात बुडालेल्या राणीच्या सांत्वनासाठी बांधलेल्या या तलावात महापालिकेने काँक्रीट ओतायला घेतले होते. लोक रस्त्यावर उतरले, काँक्रीट काढावे लागले आणि २०२० मध्ये वीट-सुरखीच्या कामासह तलाव पूर्ण झाला.

याउलट धरहरा. भीमसेन थापांचा हा मनोरा २०१५ मध्ये पडला आणि २०२१ मध्ये नव्या काँक्रीटच्या मनोऱ्याचे थाटात उद्घाटनही झाले. लवकर झाला, उंच झाला. पण काष्ठमंडपाच्या ओट्यावर म्हातारीकोतारी टेकतात, तसे तेथे कोणी टेकताना दिसत नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणावर तैलरंग आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवणाऱ्या विश्वस्तांनी एकदा काठमांडूला जाऊन यावे. ते पशुपतिनाथाला जातातच. चार पावले पुढे गेले तर पुष्कळ शिकता येईल.

पाटणमधून १९८४ साली चोरीस गेलेली लक्ष्मी-नारायणाची मूर्ती अमेरिकेतील डॅलसच्या संग्रहालयात सापडली आणि २०२१ मध्ये परत आली. परदेशातून आलेल्या मूर्तीची रवानगी पुन्हा संग्रहालयातच होते, असा आपला अनुभव. येथे मात्र देव आपल्या मूळ देवळात जाऊन बसला. जागरूक समाज याला म्हणतात.

अशा समाजाशी आपले नाते काय? आपल्या देवघरातला शाळिग्राम गंडकीतून आलेला, म्हणून नेपाळ आपलाच, हे आपण गृहीत धरतो. भूकंपात सर्वांत आधी धावून गेला तो भारत, हे नेपाळी माणूस आजही सांगतो. पण आपल्या काही वाहिन्यांच्या बातमीदारांनी ढिगाऱ्यापाशी जे प्रश्न विचारले, तेही तो विसरलेला नाही. त्याच वर्षी नवी राज्यघटना आल्यावर सीमेवरची वाहतूक काही महिने ठप्प झाली. भारताने नाकेबंदी केलेली नाही, आंदोलकांमुळे ट्रक अडले, असे दिल्ली सांगत राहिली. काठमांडूने ते मानले नाही. इंधनाविना गेलेल्या त्या हिवाळ्याच्या आठवणी मला चहाच्या दुकानांतून, राग न धरता पण स्पष्टपणे, ऐकवल्या गेल्या. त्या वेळी चीनची चाल वगैरे बोलून उपयोग नसतो. पत्रकार म्हणून मी मुकाट ऐकून घेतले.

सिंहदरबाराच्या काळवंडलेल्या भिंती, सप्टेंबर २०२५ च्या तरुणांच्या उद्रेकाची ती खूण, मी बाहेरूनच पाहिल्या. त्यापेक्षा मन विषण्ण झाले ते विमानतळावर. आखाताकडे निघालेल्या विशी-पंचविशीतल्या मुलांची रांग दाराबाहेर आली होती. परदेशातून येणारा पैसा त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा आहे. काष्ठमंडपाचे खांब घडवायला हात मिळाले. त्या ओळीतल्या मुलांपैकी किती जणांच्या घरी सुताराची पटाशी ठेवलेली असेल, कोण जाणे.