उसाच्या ट्रॅक्टरवरील कर्णे

दिवाळी सरते न सरते तोच सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कृष्णाकाठचे रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. कराड, वाळवा, पलूस, तासगाव या पट्ट्यात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडलेली ही रांग पुढे चार महिने रात्रंदिवस चालू राहते. या दोन जिल्ह्यांच्या संसाराचा गाडा याच रांगेवर चालतो. तेव्हा रस्ता अडला, धूळ उडाली, तरी येथील माणूस सहसा कुरकुर करीत नाही. परंतु अलीकडे या रांगेला वरातीचे रूप आले आहे. ट्रॅक्टरच्या छपराखाली, मडगार्डावर आणि चालकाच्या पाठीशी मोठाले ध्वनिक्षेपक बसविलेले असतात आणि ट्रॅक्टर नजरेस पडण्यापूर्वीच त्याचे गाणे गावात पोहोचलेले असते.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांची चर्चा दरवर्षी होते. शांतता समितीच्या बैठका होतात, वृत्तपत्रांतून पत्रे येतात, पोलीस मोजणीची यंत्रे घेऊन उभे राहतात. पण तो उत्सव दहा दिवसांचा. उसाचा हंगाम शंभर दिवसांहून अधिक चालतो आणि त्याच्या गाण्याला ना समिती आहे, ना मोजणी. जे रोजचे असते ते अंगवळणी पडते, आणि अंगवळणी पडलेल्या उपद्रवाला उपद्रव म्हणण्याचेही माणसे विसरतात. म्हणूनच या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम चालकाची बाजू समजून घ्यावयास हवी. पहाटे फडात भरणी, दुपारी कारखान्याच्या आवारात क्रमांकाची प्रतीक्षा, मध्यरात्री वजनकाटा आणि गव्हाण, आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा फड, असा त्याचा दिवस असतो. झोप अपुरी, थंडी कडक आणि सोबतीला कोणी नाही. अशा माणसाने गाण्याचा आधार घेतला तर त्यात नवल नाही. त्याचे आजोबा बैलगाडीने ऊस नेत, तेव्हा बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा त्यांना सोबत करीत. शिवाय ट्रॅक्टर पुष्कळदा जुना, कर्ज काढून घेतलेला. त्याला नवे रूप देणे परवडत नाही, पण काही हजार रुपयांत नवा ‘टेप’ आणि ‘बेस’ बसविता येतो. जुन्या जीपच्या किंवा पंधरा वर्षांच्या मोटारीच्या मालकाचेही हेच असते. यंत्र जुने झाले तरी त्याचा आवाज तरी नवा असावा, ही हौस समजण्याजोगी आहे. प्रश्न हौसेचा नाही, तिच्या मापाचा आहे.

हे माप ज्या डेसिबलने मोजले जाते, त्याचे गणित फसवे आहे. ध्वनिक्षेपकाला पुरविलेली शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलांनी वाढतो. आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटावा अशी इच्छा असेल तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. वीस वॅटच्या जागी चाळीस वॅटचा संच बसविणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच. मग तो दोनशेकडे वळतो आणि तेथून पुढे चढाओढ सुरू होते. कानाची सहनशक्ती मात्र वाढत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने सुचविलेल्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलांच्या आवाजात दिवसाकाठी आठ तास काढता येतात. पुढे दर तीन डेसिबलांना ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलांना जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये असा इशारा दिला की, १२ ते ३५ या वयातील शंभर कोटींहून अधिक माणसांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजातील संगीतामुळे धोका आहे. उसाच्या ट्रॅक्टरवरील बहुतेक चालक याच वयाचे आहेत, हे विसरून चालणार नाही. कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी नुसत्या इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलांच्या घरात असतो. झिजलेला सायलेन्सर आणि खिळखिळा पत्रा असेल तर त्याहूनही अधिक. गाणे ऐकू यावयाचे तर ते या गोंगाटाच्या वर चढले पाहिजे. म्हणजे ज्या कानाला आधीच विश्रांतीची गरज आहे, त्याच्यावर दुसरा घाव घालून पहिल्याचा विसर पाडण्याचा हा उपाय झाला. जुन्या वाहनाच्या विजेच्या व्यवस्थेलाही हा भार पेलत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहाशे वॅटचा संच पुऱ्या ताकदीने चालवावयाचा तर किमान पन्नास अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर इतका प्रवाह सहसा पुरवू शकत नाही. परिणामी बॅटरी उतरते, दिवे मंदावतात, आणि जाड तारेच्या जागी बारीक तार व फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा घातलेला असेल तर आगीचे भय उभे राहते. ज्या ट्रेलरला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरची पट्टी नाही, त्याच्याच पुढील ट्रॅक्टरवर रंगीत दिव्यांचे ध्वनिक्षेपक लकाकत असावेत, ही विसंगती या रस्त्यांवरून जाणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल.

सर्वांत गंभीर प्रश्न जीविताचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलांनी घटतो. एका मीटरवरचा आवाज सोळा मीटरांवर चोवीस डेसिबलांनी उणा होतो. दोन भरलेल्या ट्रेलरांच्या मागे असलेल्या मोटारीचा किंवा एस. टी.चा हॉर्न चालकापर्यंत पोहोचतो तो असा क्षीण होऊन आणि उसाच्या मोळ्यांनी अडविलेला. चालकाच्या कानापासून हातभर अंतरावर शंभर डेसिबलांचे गाणे चालू असेल तर तो हॉर्न त्याला ऐकू येणे अशक्यच म्हणावे लागेल. मागच्याला वाटते की पुढच्याने ऐकले; पुढच्याला ठाऊकच नसते की मागे कोणी आहे. सायकलीवरून शाळेला जाणारी मुले आणि रात्रपाळी आटोपून दुचाकीवरून परतणारा कामगार यांनी आपला जीव अशा गैरसमजावर का म्हणून सोपवावा?

ज्यांची घरे आणि शाळा रस्त्याच्या कडेला आहेत, त्यांची व्यथा निराळी आहे. हंगामाची अखेर आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकाच सुमारास येतात. पाठांतराला बसलेल्या मुलाच्या खिडकीखालून रात्री अकराला, एकला आणि पहाटे चारला गाणी वाजत जातात. वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाला वाक्य अर्ध्यावर सोडून ट्रॅक्टर पुढे जाण्याची वाट पाहावी लागते. तक्रार करावी तर कोणाविरुद्ध? वाहन मिनिटभरात निघून गेलेले असते आणि त्याच्यामागून दुसरे येत असते.

कायदा मुका आहे असे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची, तर घोषित शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० डेसिबलांची मर्यादा घातली आहे. उघड्या जागी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धकास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकावयास लावण्याचा अधिकार येत नाही, हे स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्यात ध्वनीच्या मानकांचा भंग करणाऱ्या वाहनचालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परंतु आडरस्त्यावरील प्रत्येक ट्रॅक्टरमागे मोजणीचे यंत्र घेऊन पोलीस धावेल ही अपेक्षा व्यर्थ आहे, आणि दिवसभर राबलेल्या चालकाकडून दंड वसूल करून त्याचे मन वळेल ही आशाही फोल आहे.

उपाय यंत्राच्या विचारातूनच सापडण्यासारखा आहे. पश्चिम महाराष्ट्रात मोठ्या ध्वनिक्षेपकांना सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या अमेरिकन अभियंत्याचे हे नाव, त्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली आणि नाव कमावले ते ध्वनिमुद्रणाच्या फितीवरील खरखर कमी करण्याच्या युक्तीने! आवाज चढविण्यापेक्षा गोंगाट घटवावा, म्हणजे गाणे आपोआप स्वच्छ ऐकू येते, हे त्या युक्तीमागचे तत्त्व. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव गोंगाटालाच मिळावे, हा दैवदुर्विलास होय. पण त्याचे तत्त्व आजही उपयोगी आहे. जुन्या मोटारीत चांगले गाणे ऐकावयाचे असेल तर प्रथम सायलेन्सर दुरुस्त करावा, दारांचे झिजलेले रबर बदलावे, थरथरणारा पत्रा आतून अस्तर लावून बसवावा, आणि जुन्या ध्वनिक्षेपकाचा फाटलेला कागदी शंकू काढून तेवढ्याच शक्तीचा नवा घालावा. एवढ्याने गाणे सुस्पष्ट होते आणि बाहेरच्याला त्रास होत नाही. ट्रॅक्टरलाही सायलेन्सरचा आणि पत्र्याचा हाच नियम लागू आहे.

ध्वनीची ही जाण या भूमीला परकी नाही. सांगली जिल्ह्यातील मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरा घडविणारे कारागीर आहेत. त्यांच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवून जवारी साधली जाते. तो धागा केसभर हलला तरी नाद बदलतो, आणि कारागीर तो कानाने ओळखतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ याच मिरजेत काढला आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथील दर्ग्यात आजही गायक हजेरी लावतात. नादाची एवढी सूक्ष्म पारख जेथे जोपासली गेली, तेथील रस्त्यांवर छाती हादरविणाऱ्या ठोक्यालाच संगीत मानले जावे, हे या परिसराला शोभणारे नाही.

या कामी सर्वांत मोठी जबाबदारी आणि सर्वांत मोठे सामर्थ्य साखर कारखान्यांकडे आहे. प्रत्येक वाहनमालक कारखान्याशी वाहतुकीचा करार करतो, त्यापोटी उचल घेतो आणि हंगामात त्याचे वाहन पुनःपुन्हा कारखान्याच्याच वजनकाट्यावर येते. करारात एका कलमाची भर घालणे अवघड नाही: ट्रॅक्टरच्या बाहेर तोंड केलेला ध्वनिक्षेपक असू नये, आणि मागील दिवा व रिफ्लेक्टर असल्याखेरीज वाहनाला क्रमांक मिळू नये. पोलिसांना जे शंभर नाक्यांवर साधणार नाही, ते एका फाटकावर साधेल. मात्र कारखान्यांनी केवळ मनाई करून थांबू नये. आवारात चालकांसाठी विश्रांतीची जागा, रात्री गरम चहा आणि हंगामातून एकदा कानांची तपासणी, एवढे त्यांनी केले तर चालकाला जागे राहण्यासाठी कर्ण्याची गरज कमी भासेल. झोपेचे काम गाण्याने भागत नाही, हे कारखान्याच्या व्यवस्थापनाला कोणी सांगावयास नको.

शिक्षकांनीही आपला वाटा उचलावा. डेसिबलाचे गणित विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मांडून दाखविले, तर ज्यांचे वडील किंवा थोरले भाऊ ट्रॅक्टर चालवितात ती मुले ते घरी नेतील, आणि घरातील लेकराने सांगितलेली गोष्ट नोटिशीपेक्षा अधिक मानली जाते. उसाचा ट्रॅक्टर हा या दोन जिल्ह्यांचा पोशिंदा आहे. त्याने गात जावे. पण रस्त्यावरचे मूल आणि मागून येणारा हॉर्न त्याला ऐकू यावा, इतकेच मागणे आहे आणि ते अवाजवी नाही.